शेतावर राबणाऱ्यालाही पाण्याची पाळी द्या

भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाला कालव्याने कर्जत तालुक्याच्या शिवारात येते. ज्या वर्षी ते मिळते, त्या वर्षी तेथे उन्हाळी भात उभे राहते. पिकाने माना टाकेपर्यंत कोणताही जाणता शेतकरी पाण्याची पाळी लांबवीत नाही. परंतु तेच भात भर उन्हात कापणारा माणूस मात्र घसा कोरडा पडेपर्यंत पाण्याला शिवत नाही. ही हयगय प्रसंगी प्राणावर बेतते.

घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून कर्जत-खालापूरकरांनी केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबू नये. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस होते. तेथे लोक बसून होते. कापणी करणाऱ्याच्या शरीरात तर श्रमाची उष्णताही भर घालते.

कष्टाच्या कामात तासाला सुमारे एक लिटर घाम जाऊ शकतो, आणि तहान लागते ती तूट पडल्यानंतर. यास्तव कामास लागण्यापूर्वी पाणी प्यावे व पुढे दर पंधरा ते वीस मिनिटांनी पेलाभर घ्यावे. मात्र तासाला दीड लिटरहून अधिक पिऊ नये. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घटते.

घामावाटे मीठही जाते. मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक ही तूट भरून काढते. चहाने ते काम होत नाही. अतिशय घाम गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्यावे. चमचा चहाचाच असावा. रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खोपोलीच्या कारखान्यातून वा मुंबईहून सुट्टीस आलेल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी पूर्ण काम अंगावर घेऊ नये. शरीरास उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. आषाढातील लावणीतही पावसामुळे तहान जाणवत नाही, पण घाम जातच असतो.

लघवी गडद होणे, पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून सावलीत बसावे. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी घालू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वीच्या बैठकीत हे समजावून द्यावे. शेतमालकांनी बांधावर सावलीत भरलेला माठ ठेवावा, आणि मजूर पाणी पिण्यास थांबला तर तो वेळ कामातलाच समजावा.