किलोवर घेतलेलं मिलिंग

घरच्या वर्कशॉपसाठी कोणतं मिलिंग मशीन घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी कंपनी नाही, वजन विचारतो. लेथवर टूल जॉबला चिकटून सलग कापतं. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात येऊन आदळतो. चार दातांचा कटर ६०० आरपीएमवर फिरला की मिनिटाला २४०० ठोके बसतात, आणि ते पचवायला अंगात बीड लागतं. हलकं मशीन थरथरतं, जॉबवर लाटा उठतात, कटरची कड झडते आणि मालक कटर बनवणाऱ्याला शिव्या घालतो.

इतिहास उरकून टाकतो. युनिव्हर्सल मिलिंग अमेरिकेत ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउनने १८६२च्या सुमारास आणलं, ड्रिलच्या पिळदार खाचा कापायला. आपल्याकडे सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ची, बंगळूरची एचएमटी १९५३ची, तिथलीच भारत फ्रिट्झ वर्नर, म्हणजे बीएफडब्ल्यू, १९६१ची. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या टूलरूममध्ये ही मशीनं आली.

पुढे व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मशीनिंग सेंटर, आलं आणि हाताने फिरवायची मिलिंग गाळ्यांच्या कोपऱ्यात सरकली. तिथून ती निघतात ती जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे, नाहीतर थेट भंगारात. कुदळवाडीच्या भंगार गोदामांत हिंडणं हा माझा आवडता छंद होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली आणि तो बाजार पांगला. आता ओळखीपाळखीतून शोधावं लागतं. एक हिशेब मात्र डोक्यात ठेवावा. बिडाचं भंगार किलोला ३०-४० रुपये धरलं, तर टनभर वजनाच्या मशीनची तळाची किंमत ३०-४० हजार होते. त्यावर मागितलेले पैसे कशाचे, हे विकणाऱ्याला सरळ विचारायचं.

बघायला जाताना गुरुवार गाठा. भोसरी-चिंचवडच्या बहुतेक गाळ्यांना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे टूलरूममध्ये हात काळे केलेला एखादा मिलर सोबत न्यायला मोकळा सापडतो. व्यापाऱ्याला मात्र आधी फोन करा. खिशात मॅग्नेटिक स्टँड आणि डायल इंडिकेटर हवाच. मशीनला ताजा हिरवा रंग दिसला की मी अजिबात खूश होत नाही. रंगाने स्लाइड बरी होत नाही.

आता माझा लाडका भाग. टेबल मध्यावर आणा आणि स्लाइडमधली ढिलाई काढणारी गिबची पट्टी इतकी आवळा की टेबल जेमतेम सरकेल. मग हँडल फिरवत टेबल एका टोकाला न्या. जाता जाता ते जड झालं, टोकाशी अडकलं, तर समजा की मधला भाग झिजलाय. वर्षानुवर्षं सगळं काम मधेच होतं, त्यामुळे टोकं कोरी राहतात. ही झीज गिब ढिली करून लपवता येते, म्हणून आवळणं विक्रेत्याच्या हाती सोडायचं नाही, स्वतः करायचं. मग टेबल एका टोकाला नेऊन स्लाइडवर बोट फिरवा. जुन्या स्क्रॅपिंगचे चंद्रकोरीसारखे ठसे अजून दिसत असतील तर मशीनने आयुष्यात तेल खाल्लंय. गुळगुळीत चकाकी असेल तर उपाशीच राबलंय.

मग बॅकलॅश. हँडल उलटं फिरवल्यावर टेबल हलेपर्यंत हँडलवरच्या डायलचे किती आकडे वाया जातात ते मोजा. विक्रेता इथे घाबरतो आणि मी शांत असतो. टेबलाच्या स्क्रूवरचा गनमेटलचा नट कुठलाही टर्नर नवा करून देतो. स्क्रू मध्यात जास्त झिजला असेल तर खर्च वाढतो, पण तोही होतो. झिजलेली स्लाइड मात्र ब्ल्यू लावून स्क्रॅप करायला कसबी माणूस लागतो आणि त्याची मजुरी मशीनची किंमत गाठते. थोडक्यात, नट झिजला तर भाव पाडा, स्लाइड झिजली तर नमस्कार करून बाहेर पडा. बॅकलॅश असलेल्या मशीनवर फीडच्याच दिशेने ओढणारा डाउन कट घेऊ नका. कटर टेबलाला आपल्याकडे खेचतो आणि जॉब वाइसमधून उडतो.

शेवटी स्पिंडल. टेपर कापडाने पुसून आत डायल लावायचा आणि हाताने फिरवायचं. ०.०१-०.०२ मिलिमीटर चालेल. टेपर कोणता, हेही इथेच कळतं. जुन्या भारतीय मशीनवर आयएसओ ४० असेल तर मला आनंद होतो, कारण व्हीएमसीच्या बीटी ४०चा टेपर तोच, ७:२४. ड्रॉबारचे आटे सहसा एम १६. फ्लँज आणि कीच्या खाचा जुळतात का तेवढं पाहायचं, मग वापरलेले होल्डर गल्लीत स्वस्तात मिळतात. उभ्या स्पिंडलचं अमेरिकन ब्रिजपोर्ट मिलिंग १९३८चं. त्या घराण्याची आपल्याकडची मशीनं, ज्यांना टूलरूमवाले एम वन टी आर म्हणतात, साधारण टनाच्या घरातली. घरासाठी माझी पहिली पसंती तीच. टाटाच्या ‘छोटा हत्ती’ची वाहण्याची मर्यादा मात्र पाऊण टनाच्या आसपास, तेव्हा मोठी गाडी आणि हायड्रा क्रेन धरा, किंवा हेड-टेबल उतरवून दोन खेपा करा.

हे सगळं तळमजल्यावरच्या गॅरेजवाल्यासाठी. फ्लॅटच्या स्लॅबचा भार आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. चौथ्या मजल्यावर टनभर बीड चढवू नका. तिथे ५०-६० किलोंचं बेंच मिलिंगच. ते घेताना डोव्हटेल कॉलमचं घ्या. गोल कॉलमवर हेड वरखाली केलं की ते फिरतं आणि जुळवलेलं केंद्र हातचं जातं. ड्रिल मशीनला क्रॉस वाइस लावून मिलिंग करणाऱ्या बहाद्दरांना एकच सांगणं आहे. त्या चकचा टेपर बाजूचा जोर सोसायला केलेलाच नाही, तो कटरसकट गळून पडतो.

वीज. घरी सिंगल फेज, जुनी मोटर ४१५ व्होल्टची थ्री फेज. मोटर बदलू नका. ३ एचपीपर्यंतच्या आपल्या मोटारी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्या डेल्टात जोडल्या की सिंगल फेजची थ्री फेज करणाऱ्या २३० व्होल्टच्या ड्राइव्हवर मजेत चालतात आणि स्पीडही हवा तसा बदलता येतो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत का पाहा. तीनच असतील तर स्टारचा सांधा आत गुंडाळलेला असतो, तो रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्यावा लागतो.

एवढा खटाटोप करण्याआधी चाकणहून राजगुरुनगरमार्गे पाबळला गेलात तर विज्ञान आश्रम जरूर पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तो उभारला. २००२ मध्ये तिथे अमेरिकेच्या एमआयटीच्या साथीने फॅब लॅब आली, जगातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. वेल्डिंग, ड्रिल, लेथ यांवर शाळकरी पोरं काय काय करतात ते पाहिलं की आपल्याला मिलिंग खरंच हवंय का, हा प्रश्न पडतो. मला तो पडला, आणि उत्तर ‘हो’च आलं.

बजेटचा निदान तिसरा हिस्सा मशीन सोडून बाकीच्यासाठी बाजूला काढा: चांगलं वाइस, क्लॅम्प, कोलेट, डायल. व्हीएमसीवाल्यांचे टाकलेले कार्बाइड कटर किलोवर मिळतात म्हणून पिशवी भरू नका. जुन्या मशीनला तितका वेग नसतो आणि धक्क्याने त्यांची कड उडते. एचएसएसचा १२ मिलिमीटरचा एंडमिल घ्या. लोखंडाला मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर ६६० आरपीएम पुरतात, आणि कटर बोथट झाला की भोसरीत धार लावून देणारे आहेतच.