पालकवियोग आणि भावंडांचा आधार

बालपणी आई किंवा वडील दगावल्यानंतर भावंडे एकमेकांना जो मानसिक, व्यावहारिक आणि प्रसंगी आर्थिक आधार देतात, त्याचा अभ्यास बालमानसशास्त्र व कुटुंबोपचार या शाखांत केला जातो. हयात असलेला पालक शोकात आणि विवंचनेत गुंतलेला असतो. अशा वेळी घराचा नेहमीचा क्रम टिकवून धरणारी व्यक्ती पुष्कळदा एखादे भावंडच असते.

स्वरूप

हा आधार बहुधा अबोल असतो. एका अंथरुणावर झोपणे, शाळेला बरोबर जाणे, धाकट्याचे डबा-दप्तर पाहणे अशा रोजच्या गोष्टींतून तो मिळतो. साधारणतः पाच-सहा वर्षांखालील मुलांना मृत्यू कायमचा असतो, हे उमगत नाही. 'बाबा कधी येणार?' हा प्रश्न ती पुन्हापुन्हा विचारतात, आणि उत्तर देण्याची पाळी स्वतः दुःखात असलेल्या थोरल्यावर येते. आठवणींची वाटणीही सारखी नसते. धाकट्याला गेलेल्या पालकाचा चेहराही अंधुक आठवतो. तो पालक त्याला कळतो तो मोठ्यांच्या सांगण्यातूनच.

अमेरिकेत बोस्टन परिसरात फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वॉर्डन यांनी ७० कुटुंबांतील ६ ते १७ वर्षे वयाच्या १२५ पालकवियोगी मुलांचा दोन वर्षे अभ्यास केला. हयात पालक स्वतः कितपत सावरला आहे, यावर मुलांचे सावरणे फार अवलंबून असते, असे त्यात आढळले. भावंडांचा आधार मोलाचा असला, तरी तो पालकाची जागा भरून काढू शकत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे लागते.

पालकीकरण

मुलावर पालकाची कामे व चिंता येऊन पडणे यास पालकीकरण म्हणतात. आपल्याकडे हा भार सहसा थोरल्या मुलीवर पडतो आणि 'किती समंजस आहे' अशा कौतुकाखाली तो झाकला जातो. तिचा स्वतःचा शोक मात्र मागे राहतो.

मंगेशकर भावंडे

मराठी वाचकाला परिचित असे उदाहरण मंगेशकर कुटुंबाचे आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हा थोरल्या लता बारा वर्षांच्या होत्या, तर सर्वांत धाकटे हृदयनाथ अवघे चार वर्षांचे. मधल्या मीना, आशा व उषा. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लतांनी भूमिका केली व गायल्या. १९४३ च्या 'माझं बाळ' या चित्रपटासाठी आशा गायल्या, तेव्हा त्यांचे वयही जेमतेम दहाच्या आसपास होते. म्हणजे मिळवती माणसे होती तीही मुलेच. हे नाते नेहमीच सुरळीत राहिले असे नाही. १९४९ साली आशा यांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध विवाह केल्यावर काही काळ दुरावा आला. पुढे मात्र 'आनंदघन' या नावाने लतांनी संगीत दिलेल्या 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटातील 'रेशमाच्या रेघांनी' हे गीत आशा यांनीच गायिले. मीना यांनी 'मोठी तिची सावली' या पुस्तकात थोरल्या बहिणीविषयी लिहिले आहे.

धाकट्यांकडून आधार

आधार केवळ वरून खाली वाहतो, असे नाही. परंपरेनुसार आई-वडिलांनी देहत्याग केल्यानंतर निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे पोरकी झाली. लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली, तेव्हा त्यांची समजूत काढली ती सर्वांत धाकट्या मुक्ताबाईने. ताटीचे अभंग या प्रसंगाशी जोडले जातात.

संगोपनाची व्यवस्था

नातेवाइकांनी एकेक मूल आपल्याकडे नेण्याची पद्धत सोयीची वाटते. पण त्यामुळे मुलांना पालकापाठोपाठ भावंडांचाही वियोग सोसावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये मान्य केलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, छळाचा स्पष्ट धोका किंवा मुलांच्या हिताचे अन्य कारण असल्याखेरीज, परस्परांशी जिव्हाळा असलेल्या भावंडांना एकमेकांपासून वेगळे ठेवू नये. तसे करावेच लागले, तर त्यांचा परस्परसंपर्क टिकावा यासाठी सर्व प्रयत्न व्हावेत, असेही त्यांत म्हटले आहे.