पहिलं पुस्तक निवडताना

गेल्या दिवाळीत माझी भाची पायथन शिकायला बसली. अप्पा बळवंत चौकातून तिनं एक जुनं, स्वस्तातलं पुस्तक आणलं होतं. त्यातला पहिलाच एका ओळीचा प्रोग्राम तिनं जसाच्या तसा टाइप केला, तर स्क्रीनवर एरर. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, तरी तेच. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मला नाही गं जमणार हे."

चूक तिची नव्हती. पुस्तक पायथन २चं होतं आणि लॅपटॉपवर पायथन ३. जुन्या पायथनमध्ये 'प्रिंट'पुढे कंस लागत नसे. २००८ साली आलेल्या पायथन ३मध्ये तो लागतोच. पायथन २ची देखभाल तर १ जानेवारी २०२०लाच थांबली. म्हणून पुस्तक घेताना आधी बघायची ती भाषेची आवृत्ती. सी शिकणाऱ्यांनाही हेच सांगेन. टर्बो सीच्या काळातल्या पुस्तकांतलं 'क्लिअरस्क्रीन'चं फंक्शन आज जीसीसी या कंपायलरवर चालत नाही.

मग प्रस्तावना वाचावी. तंत्रनिकेतनात मी सी शिकवते. नवख्या मुलांना हमखास सुचवलं जातं ते ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं १९७८ सालचं पुस्तक. रिची हे सीचे जनक; पुस्तकात एक शब्द फाजील नाही. पण व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची थोडी ओळख वाचकाला आहे हे आपण धरून चाललोय, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय. म्हणून ते दुसरं पुस्तक म्हणून घ्यावं. पाटी कोरी असेल, तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घ्या, मात्र नवी आवृत्ती.

तिसरी गोष्ट दुकानात उभ्या उभ्याच तपासता येते. लूपचा धडा उघडून दोन पानं वाचा. इंग्रजी झेपतंय का? धड्याअखेरीस स्वतः सोडवायचे प्रश्न आहेत का? नसतील, तर पुस्तक परत ठेवा. नुसतं वाचून प्रोग्रामिंग येत नाही.

भाचीला मी अॅल स्वाइगर्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' दिलं. लेखकानं ते इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलंय. ढीगभर फायलींची नावं बदलणं, एक्सेलमधले आकडे उचलणं अशी रोजची कामं त्यात आहेत. आता ती वडिलांच्या दुकानाच्या बिलांच्या फायली प्रोग्रामनं लावून देते.

तुमच्या घरी कुणी "मला जमणार नाही" म्हणत असेल, तर आधी त्याच्या हातातलं पुस्तक तपासा.