‘ऑर्डील’ आणि ‘दिव्य’ : खडतर कसोटीचे इंग्रजी शब्द व त्यांचा मराठी अनुवाद

जयपूरच्या पूर्वेस आग्रा मार्गावर कानोता हे गाव आहे. तेथील ठिकाण्याचे (राजस्थानात जहागिरीस ठिकाणा म्हणतात) अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. आरंभीच्या वर्षांतील निवडक भाग सुझान आणि लॉइड रुडॉल्फ यांनी मोहनसिंह कानोता यांच्या साहाय्याने २००० मध्ये ‘रिव्हर्सिंग द गेझ’ या नावाने प्रसिद्ध केला. १९०० ची चीनमधील मोहीम, पहिल्या महायुद्धातील फ्रान्स व मेसोपोटेमियाच्या आघाड्या आणि एकत्र कुटुंबाची करडी शिस्त हे सारे या राजपूत अधिकाऱ्याने अनुभवले आणि शिकून घेतलेल्या भाषेत नोंदविले. असा मजकूर मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी अडचण कष्ट आणि कसोटी यांच्या शब्दांपाशी सुरू होते.

यांतील सर्वांत अवघड शब्द ‘ऑर्डील’ होय. त्याचा मूळ शब्दार्थ ‘निवाडा’ एवढाच होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘उर्टाइल’ आजही न्यायालयाच्या निर्णयासाठी वापरला जातो. पुढे तापलेले लोखंड किंवा पाणी यांच्या साक्षीने होणाऱ्या निवाड्यास हे नाव मिळाले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना अशा विधीत भाग घेण्यास मनाई केली आणि चार वर्षांत इंग्लंडमधून तो नाहीसा झाला. विधी गेला, शब्द राहिला; मात्र त्यातला न्यायाधीश निघून गेला. आज दंतवैद्याच्या खुर्चीतला अर्धा तासही इंग्रजीत ‘ऑर्डील’ ठरू शकतो.

मराठी ‘दिव्य’ या शब्दाचे तसे झाले नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. इतर स्मृतिकारांनी ती नवापर्यंत नेली. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत, कागदपत्रे व साक्षीदार यांनी निकाल न लागल्यास, दिव्य घेतले जाई. ‘रव्या’च्या दिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे, मग हातावर पिशवी बांधून मोहोर करीत आणि ठरल्या दिवशी ती उघडून पाहत. हात शाबूत तर वतन खरे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात (१९५३) या व्यवहाराचा अभ्यास केला आहे. मोल्सवर्थच्या कोशाने ‘दिव्य’ आणि ‘ऑर्डील’ यांची जोडी लावली ती या विधीपुरती अचूक आहे. एरव्हीच्या वापरात ती फसवी ठरते, आणि त्याचे कारण क्रियापदात आहे. इंग्रजी माणसावर ‘ऑर्डील’ ओढवते, तो ते सोसतो. मराठी माणूस दिव्य ‘करतो’, ‘दिव्यास उतरतो’. येथे कर्ता स्वतःच्या सत्याची हमी घेऊन पुढे येतो. ‘दिव्यातून जाणे’ हा अलीकडे रुळलेला प्रयोग इंग्रजी वळणाचा आहे, हे त्या वाक्याच्या ठेवणीवरूनच कळते. जुन्या राजस्थानी व गुजराती काव्यात सीतेच्या दिव्यास ‘धीज’ म्हटले आहे. म्हणजे कानोत्याच्या परिसरालाही परीक्षकासह येणारी ही कल्पना परकी नव्हती.

बाकीच्या शब्दांचे मूळ शेतात, छावणीत आणि सोनाराच्या दुकानात सापडते. ‘ट्रिब्युलेशन’ लॅटिनमधील मळणीच्या अवजारावरून आले; कणसांवरून फिरणारी दातेरी फळी हा त्याचा पूर्वज. ‘ट्रायल’शी जोडून ते बोलले गेले की आता बहुधा हलक्या विनोदाचा सूर लागतो. ‘गाँटलेट’मधून धावणे ही स्वीडिश सैन्यातील शिक्षा होती : दोन रांगांमधून अपराधी धावे आणि दोन्हीकडून फटके पडत. मूळ स्वीडिश शब्दाचा लोखंडी हातमोज्याशी काही संबंध नाही. उच्चारसाम्याने तो त्याच्याशी मिसळून गेला. ‘क्रूसिबल’ ही धातू वितळविण्याची मूस. तिच्यात गेलेले तावून बाहेर पडते, ही आशा त्या शब्दात आहे. ‘ॲसिड टेस्ट’मध्ये ती नाही, तेथे खरे-खोटे एवढेच ठरते. सोनाराच्या बाबतीत मराठीला उसनवारीची गरज नाही. ‘कसोटी’ हा संस्कृत ‘कषपट्टिका’पासून आलेला दगड आहे, आणि ‘तावून सुलाखून’ या जोडशब्दात तापविणे व भोक पाडून पाहणे या दोन्ही क्रिया शाबूत आहेत. क्रिकेटच्या ‘टेस्ट’ला ‘कसोटी सामना’ म्हणणाऱ्याने नकळत मूळ शब्दापेक्षा नेमकी प्रतिमा दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून अनुवादकाने आधी शोधावयाचे ते हे की, या वाक्यात कोणी पारख करणारा आहे काय. हरिश्चंद्र वा चांगुणा यांची ‘सत्त्वपरीक्षा’ होते, कारण तेथे परीक्षक वेषांतर करून दारात उभा असतो. ‘हाल’, ‘हालअपेष्टा’, ‘वनवास’ यांना परीक्षक लागत नाही. मेसोपोटेमियातील उन्हात पाण्यावाचून चाललेल्या पलटणीचे इंग्रजी ‘ऑर्डील’ मराठीत हालच होत; त्याला ‘अग्निदिव्य’ म्हटले तर त्या शिपायांवर कोणीतरी आरोप ठेवला होता, असे होईल. उलट, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेखाली आपली योग्यता पदोपदी सिद्ध करावी लागणाऱ्या हिंदी अधिकाऱ्याने तोच शब्द वापरला, तर ‘दिव्य’ तेथे चपखल बसते. परीक्षक, साक्षीदार आणि हातावरची मोहोर, सारेच तेथे हजर असतात.