नसलेल्या चित्रपटाचे संगीत : एका इमानदार नकलेचा धंदा

चित्रपट पडद्यावर येण्याआधीच त्याच्या गाण्यांच्या कॅसेट दुकानात येत, हे कॅसेटच्या जमान्यातील आपल्या व्यापारी बांधवांना चांगले आठवत असेल. पण जो चित्रपट कधी निघालाच नाही, ज्याला ना निर्माता आहे ना नट-नट्या, त्याच्या पार्श्वसंगीताची तबकडी बाजारात येते आणि गिऱ्हाईक पैसे मोजून ती घरी नेते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. युरोप-अमेरिकेत हा धंदा बरीच वर्षे चालू आहे. त्यातही मागणी आहे ती 1970 आणि 1980 च्या दशकांतील स्वस्त भयपटांच्या धाटणीच्या संगीताला.

भयपट कोणाला आवडोत वा न आवडोत. आम्ही या विषयाकडे वळलो ते त्यातील कारागिरीसाठी आणि व्यवहारासाठी. जुन्या घाटाचा माल नव्याने घडवून विकणारे कारागीर आपल्याकडेही कमी नाहीत. असा माल कसा घडवावा, त्याचा हक्क कोणाचा आणि तो काय सांगून विकावा, हे तिन्ही प्रश्न या आगळ्या धंद्यात स्पष्ट दिसतात.

गरिबीतून आलेला घाट

आधी अस्सल माल कसा होता ते पाहू. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी 1978 साली 'हॅलोवीन' हा भयपट सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये काढला. वाद्यवृंद बोलवायला पैसा नव्हता. तेव्हा पियानो आणि सिंथेसायझर घेऊन त्यांनी संगीत स्वतःच केले. त्यांचे वडील संगीताचे प्राध्यापक. लहानपणी त्यांनी मुलाला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. तोच ठेका कार्पेंटर यांनी या चित्रपटाला दिला. चार मात्रांना सरावलेला कान पाचव्या मात्रेला अडखळतो, आणि त्या अडखळण्यातच धास्ती आहे. संगीत घालण्यापूर्वी हा चित्रपट एका मोठ्या स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला, तेव्हा त्यांना मुळीच भीती वाटली नाही, असे स्वतः कार्पेंटर यांनीच सांगितले आहे. संगीतासह तो जगभर गेला आणि त्याने सुमारे 7 कोटी डॉलर मिळवले.

त्याच्या एक वर्ष आधी, 1977 साली, इटलीत दारिओ अर्जेंतो यांचा 'सुस्पिरिया' आला. त्याचे संगीत गॉब्लिन या मंडळीचे. त्यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरशेजारी ग्रीक बुझुकी ठेवली आणि आपला तबलाही वापरला. हाताशी येईल ते वाद्य घ्यायचे आणि त्यातून कधी न ऐकलेला आवाज काढायचा, अशी ही रीत होती. थोडी वाद्ये, थोडे पैसे आणि थोडा वेळ यांतून जो घाट तयार झाला, त्यालाच आज गिऱ्हाईक 'जुना आवाज' म्हणून ओळखते.

चित्रपटाशिवाय संगीत

कल्पित चित्रपटाचे संगीत करण्याची कल्पना त्यानंतर रुळली. इंग्लंडच्या बॅरी ॲडमसन यांनी 1989 साली 'मॉस साइड स्टोरी' ही तबकडी काढली. मँचेस्टरच्या एका वस्तीत घडणाऱ्या, कधीच न निघालेल्या गुन्हेगारी चित्रपटाचे हे संगीत होते. ते ऐकून त्यांना पुढे खऱ्या चित्रपटांची कामे मिळाली. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एका संगीतकाराने 'अंबर्टो' हे इटालियन वळणाचे नाव घेतले आणि 2010 साली कल्पित इटालियन भयपटाची तबकडी केली.

सर्वांत लक्षणीय उदाहरण बर्मिंगहॅमच्या 'ब्रॉडकास्ट' या जोडीचे. पीटर स्ट्रिकलंड यांचा 'बर्बेरियन साउंड स्टुडिओ' हा चित्रपट 2012 साली आला. एक इंग्रज ध्वनितंत्रज्ञ इटलीतील स्टुडिओत एका भयपटाचे आवाज तयार करायला जातो, अशी त्याची कथा. गंमत अशी की तो आतला भयपट प्रेक्षकाला दिसतच नाही. दिसते ती फक्त त्याची श्रेयनामावली. बाकी सारे कानांनी समजून घ्यायचे. चाकूचे वार म्हणून कलिंगडे आणि कोबी कापले जाताना दिसतात. या न दिसणाऱ्या चित्रपटाला ब्रॉडकास्टने संगीत दिले. काम पुरे होण्याआधीच, जानेवारी 2011 मध्ये, जोडीतील गायिका ट्रिश कीनन यांचे न्यूमोनियाने निधन झाले. त्यांचे साथीदार जेम्स कारगिल यांनी काम तडीस नेले आणि जानेवारी 2013 मध्ये 39 लहान तुकड्यांची ही तबकडी निघाली. हातातले काम अर्धवट न टाकता साथीदाराच्या आवाजासह ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे, याचे मोल कोणत्याही कारखान्यातील माणसाला कळेल.

माल घडतो कसा?

असे संगीत करणारा आधी चित्रपट मनात पुरता ठरवतो. साल कोणते, देश कोणता, निर्मात्याच्या खिशात पैसे किती, हे आधी पक्के होते. मग प्रसंगांची यादी केली जाते : नावे पडद्यावर येताना, रिकामे घर, जिन्यावरचा पाठलाग, शेवटची सकाळ. प्रत्येक प्रसंगाला एक तुकडा. यादी नसेल तर नुसते सूर होतात, चित्रपट डोळ्यांसमोर उभा राहत नाही.

दुसरी पायरी म्हणजे हत्यारांची मर्यादा. 1978 सालचा चित्रपट कल्पिला, तर त्या साली नसलेला आवाज वर्ज्य. त्या काळच्या सिंथेसायझरचा सूर यंत्र तापले की किंचित सरकत असे. मेलोट्रॉन नावाच्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफीत असते आणि ती सुमारे 8 सेकंदांत संपते. म्हणून त्यावरचा कोणताही सूर त्याहून लांब धरता येत नाही. मूळ कारागिरांना ही अडचण वाटत होती. आजच्या कारागिराला ती मुद्दाम पाळावी लागते, कारण घाटाची ओळख त्या अडचणीतूनच झालेली असते.

हत्यारे मात्र जुनीच हवीत असे नाही. कार्पेंटर यांनी 2015 साली 'लॉस्ट थीम्स' ही तबकडी काढली, ती मुलगा कोडी आणि मानसपुत्र डॅनियल डेव्हिस यांना सोबत घेऊन. कोणत्याही चित्रपटाशी न जोडलेले हे त्यांचे पहिले संगीत, आणि ते संगणकावर तयार झाले होते. जुन्या घाटाचा उस्ताद नवी हत्यारे घेऊन बसला तरी हात त्याचाच राहिला. यंत्र विकत मिळते. कोठे थांबायचे हे विकत मिळत नाही.

हक्क कोणाचा?

आता व्यवहाराकडे वळू. खऱ्या चित्रपटाचे संगीत म्हणजे दुसऱ्याच्या ऑर्डरीचे काम. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली असा निर्णय दिला होता की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला मालक निर्माता. पुढे 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर त्या संगीताचा जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीत संगीतकाराला आणि गीतकाराला बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क त्यात आला. हा हक्क करारानेही निर्मात्याच्या नावे करून देता येत नाही.

नसलेल्या चित्रपटाला निर्माताच नसतो. म्हणून ऑर्डर कोणाची नाही आणि मालकीही कोणाकडे जात नाही. माल पुरता कारागिराचा राहतो. जोखीमही त्याचीच, हे खरे. पण पुढे कोणाला तो तुकडा वापरायचा असेल, तर परवानगी मागायला त्याच्याच दारी यावे लागते. शिवाय हा माल नमुन्याचेही काम करतो. 'लॉस्ट थीम्स'नंतर तीन वर्षांनी, 2018 साली, नवा 'हॅलोवीन' चित्रपट निघाला. त्याचे संगीत कार्पेंटर यांनी त्याच दोघा तरुणांना घेऊन केले. नमुना दाखवल्याशिवाय ऑर्डर नाही, हे आपल्या सुतारांना आणि जरीकाम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

बाजाराचीही साथ आहे. लोक आता गाणी फोनवर ऐकतात, तरी तबकडी हातात घेण्याची हौस परतली आहे. अमेरिकेत 2022 साली सुमारे 4 कोटी 10 लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि 1987 नंतर प्रथमच त्यांनी सीडींना नगांत मागे टाकले. भयपट-संगीताचे छोटे प्रकाशक थोड्या प्रती काढतात आणि चित्रकाराकडून खास वेष्टन करवून घेतात. मोठ्या कंपनीशी भावात बरोबरी करण्याच्या फंदात ते पडत नाहीत.

चिठ्ठी खरी असावी

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. वर सांगितलेल्या एकाही तबकडीच्या कर्त्याने 'हा जुना चित्रपट मला तळघरात सापडला' असे सांगून माल विकलेला नाही. चित्रपट कल्पित आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असते आणि त्यातच त्याला मजा येते. चिठ्ठी खरी आहे, म्हणून ही नक्कल फसवणूक ठरत नाही.

चिठ्ठीवरचा भरवसा उडाला की काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली सिंथेसायझर आणि तालयंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती फारशी चालली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली आणि 2010 साली तिची नवी आवृत्ती निघाली. परदेशात अशा ढंगाचे संगीत त्यानंतर काही वर्षांनी गाजले होते. त्यामुळे पुष्कळांना ती खरी वाटेना. आजच्या कोणीतरी जुन्या नावाने केलेली ही चेष्टा असावी, असा संशय घेतला गेला. माल अस्सल होता, कर्ता हयात होता, तरी त्याला आपला खरेपणा पटवावा लागला. 2015 साली त्यांचे निधन झाले. त्याआधी परदेशातील रसिकांसमोर वाजवण्याचा मान त्यांना मिळाला, एवढे समाधान.

नवे पितळ काळवंडून 'दोनशे वर्षांचे' म्हणून विकणाऱ्याला एका गिऱ्हाइकाकडून चार पैसे जास्त मिळतात. पण त्याची किंमत शेजारच्या दुकानात बसलेला खऱ्या जुन्या मालाचा व्यापारी मोजतो. तेच पितळ 'जुन्या घाटाचे, नवे, आमच्या हातचे' असे सांगून विकता येते आणि त्यावर कारागिराला आपले नावही घालता येते. नसलेल्या चित्रपटाचे संगीत विकणाऱ्यांनी नेमके हेच केले. चित्रपट कल्पित ठेवला आणि चिठ्ठीवरचे नाव खरे लिहिले. पुढच्या ऑर्डरी त्या नावाने आल्या.