शनिवारची बाररूम

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. १८७२चा पुराव्याचा कायदाही बदलला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या बाररूमने एवढा बदल एका सत्कार समारंभात उरकला. पाहुणे बोलले, फोटो निघाले, जेवणे झाली. नवा कायदा उघडून चार ओळी कुणी वाचल्या नाहीत. हे मला अजून सलते आहे.

निजामी काळ मी ऐकूनच आहे. कोर्टाची भाषा उर्दू, अपील हैदराबादला. १९५६नंतर ते मुंबईला. त्या पिढीतले वकील उर्दू खरेदीखते आणि जुन्या कुळनोंदी घडाघडा वाचत. त्यांच्याकडून ते शिकून घ्यायला आम्ही कुणी बसलो नाही. आज पक्षकार तोच कागद घेऊन वाचणारा शोधत हिंडतो.

आमचा काळ ऐंशीचा. २७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले आणि अपिलासाठी मुंबईची एसटी धरायची वेळ टळली. आपण घेतलेली उलटतपासणी जवळच कुणीतरी ओळीओळीने वाचणार, या धाकाने तालुक्याची वकिली सुधारली. शनिवारी कोर्ट उठले की बाररूम भरायची. नागपूरहून आलेला ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा ताजा अंक ज्येष्ठ मोठ्याने वाचत आणि ज्युनिअरला मध्येच थांबवून विचारत, ‘आता तू आरोपीचा वकील. बोल.’

जुलै १९८४चा शरद सारडा निकाल तिथेच वाचला. घटना पुण्याची, पण मृत विवाहितेचे माहेर बीडचे. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. बाररूम दुभंगली. माहेरची माणसे जिल्ह्यातली, म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी. कुणी म्हणे, साखळीतली एक कडी तुटली तर आरोपी सुटलाच पाहिजे. कित्येक शनिवार हा वाद चालला. पुरावा म्हणजे काय, हे मला कॉलेजात नाही, त्या भांडणात कळले.

आमच्या मातीचे शिक्षणही तिथलेच. दिवाळीनंतर साक्षीदार ऊसतोडीला जातो आणि समन्स ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. म्हणून तारीख कोणती मागायची हे ज्येष्ठ सांगत. तोडणी कामगाराला घड्याळाची वेळ विचारू नका, गाडी भरून झाली होती का ते विचारा, हेही त्यांचेच.

सगळेच उदार नव्हते. एका ज्येष्ठाने ग्रंथालयाचे खंड वर्षानुवर्षे घरी दाबून ठेवले, विरुद्ध बाजूला निवाडा सापडू नये म्हणून. त्याला मी आजही माफ केलेले नाही. बोटांवर मोजण्याइतक्या महिला वकील होत्या. त्यांना शनिवारी थांबा असे कुणी म्हणाले नाही. ही त्या दशकाची लाजच होती.

पुढची वर्षे चेक बाऊन्स, अपघात दावे आणि लोकअदालतीत गेली. वकिलांच्या निवडणुकीत पॅनेल आले, बॅनर आले, मतांसाठी जेवणावळी आल्या. निवाडे मोबाइलवर आले आणि एकत्र बसायचे निमित्त संपले. २०११पासून नव्या वकिलाला अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. पण साक्षीदारासमोर उभे राहणे त्या परीक्षेत येत नाही.

अलीकडे एका ज्युनिअरने साक्षीदाराला खोटे पाडले, पण पोलिसांपुढचा जबाब त्याला दाखवलाच नाही, आणि तपासी अंमलदाराकडून ती विसंगती सिद्धही करून घेतली नाही. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १४५, नव्यात १४८. पोरगा हुशार आहे. त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते, आणि त्याची किंमत पिंजऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला येते.

बाररूम शनिवारी कोर्टाबरोबरच बंद होते. पदाधिकाऱ्यांनी ती रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी आणि महिला वकिलांना आधी बोलवावे. आम्ही जे चार-सहा जुने उरलो आहोत, ते येऊन बसू. सुरुवात सारडा निकालापासून करू, शेजारी पुराव्याच्या नव्या कायद्याचे, म्हणजे साक्ष अधिनियमाचे, मृताच्या विधानांबद्दलचे कलम २६ उघडून.