वडील महायुद्धात ‘वर्कशॉप’मध्ये होते, म्हणजे नेमके कुठे होते?

देवगाव रंगारी : कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी असो की मराठवाड्यातले दुसरे कुठलेही गाव, जुन्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत कधी तरी सहा टोकांची पितळी चांदणी निघते. सोबत फाटकी लाल-निळी फीत आणि घड्या पडलेले डिस्चार्ज बुक. घरच्यांना माहिती असते ती एवढीच : ‘आबा इंग्रजांच्या लढाईत मिस्त्री होते. गाड्या दुरुस्त करायचे. लढले नाहीत.’

शेवटचे दोन शब्द तपासून पाहायला हवेत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या 25 लाखांच्या घरात गेली होती. त्यातले सगळे बंदूक घेऊन खंदकात नव्हते. ट्रक, तोफा, टँक, वायरलेस संच चालू ठेवणारी मोठी फौज मागे, आणि बऱ्याचदा अगदी पुढेही, काम करत होती.

कागदावर दोन नावे का असतात?

युद्ध सुरू झाले तेव्हा दुरुस्तीचे बरेचसे काम ‘इंडियन आर्मी ऑर्डनन्स कोअर’ म्हणजे आयएओसीकडे होते. ज्यांनी सुटे भाग सांभाळायचे, त्यांनीच इंजिनही उघडायचे. यंत्रे वाढली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. बंद पडलेला टँक रात्रीत ओढून आणून दोन-चार दिवसांत परत पाठवला, तर नवा टँक बोटीने येण्याची वाट पाहावी लागत नाही. जर्मन या कामात तरबेज होते. ब्रिटिशांनी ऑक्टोबर 1942 मध्ये दुरुस्तीसाठी ‘रीमी’ ही स्वतंत्र कोअर काढली. त्याच धर्तीवर 1943 मध्ये ‘इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ (आयईएमई) उभी राहिली. आजची ईएमई ती हीच. तिचा स्थापना दिन 15 ऑक्टोबरला साजरा होतो.

त्यामुळे एकाच माणसाच्या डिस्चार्ज बुकात आधी आयएओसी आणि नंतर आयईएमई असे लिहिलेले दिसले, तर त्याने नोकरी बदलली असे समजू नये. माणूस तोच, पाना-हातोडाही तोच. बदलली ती पाटी.

काम कसे चालायचे?

दुरुस्तीचे टप्पे ठरलेले होते. लढणाऱ्या तुकडीच्या अगदी मागे ‘लाइट एड डिटॅचमेंट’ नावाची छोटी टोळी असे. तुटलेला पाटा, फुटलेला रेडिएटर, अडकलेला गिअर अशी जागच्या जागी होणारी कामे तिची. तिला न झेपणारे काम ब्रिगेडच्या वर्कशॉपकडे जाई. तिथे अख्खे इंजिन उतरवून दुसरे चढवत. त्याच्याही मागे बेस वर्कशॉप, म्हणजे कारखानाच. तिथे लेथ, वेल्डिंग, ओतकाम असे सगळे असायचे.

सर्वांत धोक्याचे काम ‘रिकव्हरी’चे. सुरुंग पेरलेल्या भागात किंवा शत्रूच्या माऱ्यात अडकलेले वाहन विंचने ओढून आणायचे. हे बहुधा अंधारात, दिवा न लावता. बंदूकधारी पुढे सरकला किंवा मागे हटला तरी चालते. रिकव्हरीवाल्याला वाहनाला साखळी बांधेपर्यंत तिथेच थांबावे लागते. ‘लढले नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

फिटर, टर्नर, वेल्डर, लोहार, इलेक्ट्रिशियन, हत्यारे दुरुस्त करणारे आर्मरर हे सगळे ‘ट्रेड’ डिस्चार्ज बुकात सापडू शकतात. आजच्या ईएमईतही साध्या जवानाला शिपाई न म्हणता ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात.

‘मिसर की इराक’ कसे ओळखायचे?

पदकाची फीत पाहा. वाळूच्या रंगाची, मधोमध तांबडा पट्टा असेल तर आफ्रिका स्टार. म्हणजे जून 1940 ते मे 1943 या काळातील, प्रामुख्याने उत्तर आफ्रिका. हिरवा, पांढरा, तांबडा हे इटलीच्या झेंड्याचे रंग असतील तर इटली स्टार. गडद निळी फीत, मधून तांबडा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टा असेल तर बर्मा स्टार. चांदणीवर नावही कोरलेले असते, पण घासून घासून ते पुसट होते.

इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे (10 जुलै 1944) आणि नामदेव जाधव (9 एप्रिल 1945) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते याच मोहिमेत. घाडगे यांच्या स्मरणार्थ 2023 मध्ये इटलीतील मोंतोने गावात स्मारकही झाले. त्याच डिव्हिजनांच्या मागे चिखलात ट्रक उपसणाऱ्या वर्कशॉप कंपन्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

इराक-इराणची गोष्ट वेगळी. या भागासाठी 1942 मध्ये बगदादला स्वतंत्र कमांड स्थापन झाले. तेलविहिरींचे रक्षण आणि इराणमार्गे रशियाला माल पोचवणे ही तिची मुख्य कामे. डोंगरी रस्त्यांवर ट्रकचे ताफे सतत धावत आणि तेवढेच सतत बिघडत. याच मार्गावरील सेवेसाठी सोव्हिएत युनियनने 1944 मध्ये भारतीय वाहतूक दलातील सुभेदार नारायण राव निक्कम यांना ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिला होता. पण ब्रिटिशांनी इराक-इराणसाठी वेगळी चांदणी काढलीच नाही. म्हणून पेटीत फक्त गोल ‘वॉर मेडल’ निघाले, तरी आबा भारताबाहेर गेलेच नव्हते, असा अर्थ काढू नये.

जुनी पत्रे असतील तर फारच उत्तम. सेन्सॉरमुळे पत्रात ठिकाण लिहिता येत नसे, पण पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असलेला शिक्का असतो. कोणत्या तारखेला कोणते फील्ड पोस्ट ऑफिस कुठे होते, याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी तयार केल्या आहेत.

‘हैदराबाद’ लिहिले असेल तर सावध

त्या काळी औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे कागदावर ‘हैदराबाद’ येणारच. पण त्याचे तीन अर्थ संभवतात. पहिला, जवानाचे राहण्याचे संस्थान. दुसरा, निजामाचे स्वतःचे सैन्य. त्याची एक पलटण डिसेंबर 1941 मध्ये मलायातील कोटा भारू विमानतळावर होती. तिसरा, ब्रिटिश भारतीय सैन्यातील 19 वी हैदराबाद रेजिमेंट. तिचे नाव ऑक्टोबर 1945 मध्ये ‘कुमाऊं’ झाले आणि तिच्यात भरती प्रामुख्याने उत्तर भारतातून होई. शब्द एक असला तरी कागद शोधायची कचेरी तिन्ही वेळा वेगळी.

कुठे विचारायचे?

ईएमई आणि ऑर्डनन्स या दोन्ही दलांची रेकॉर्ड कार्यालये सिकंदराबादला आहेत. अर्जात सेवा क्रमांक, नाव, ट्रेड आणि नात्याचा पुरावा द्यावा. सेवा क्रमांकाशिवाय शोध जवळपास अशक्य असतो. अर्ज कसा करायचा हे छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या हयात विधवांसाठी राज्य सरकारचे मासिक मानधन आहे. त्याची चौकशीही तिथेच करावी.

वर्कशॉप कंपनीचा क्रमांक कळला तर तिची युद्ध-दैनंदिनी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येते. मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ 169, इटलीसाठी डब्ल्यूओ 170 आणि ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ 172 या मालिका पाहाव्यात. युद्धात मृत्यू झाला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो.

अर्जात गावाचे नाव नुसते ‘देवगाव’ लिहू नका. महाराष्ट्रात देवगावे पुष्कळ आहेत. ‘देवगाव रंगारी, तालुका कन्नड’ असे पूर्ण लिहा, आणि डिस्चार्ज बुकात इंग्रजीत जे स्पेलिंग असेल ते चुकीचे वाटले तरी तसेच उतरवा. मूळ कागद आणि पदके टपालाने पाठवू नका. मोबाइलवर काढलेले फोटो छापून जोडा. आणि चांदणी काळी पडली म्हणून चिंच लावून घासू नका. त्याने अक्षरे झिजतात.